एमपी३, एएसी, ओपस: अ‍ॅप किंवा उपकरण बाजारात आणण्याआधी ऑडिओ कोडेकचा परवाना कसा तपासायचा

‘एमपी३ आता फुकट झालाय, मग परवान्याचं काय घेऊन बसलात?’ ऑडिओबुकचं अ‍ॅप काढणारे, अभंग-आरत्या भरलेले स्पीकर विकणारे, शाळांसाठी रेकॉर्डर बनवणारे, सगळे हेच विचारतात. वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा त्यातून निघत नाही, कारण तुमच्या उत्पादनात एमपी३ एकटा क्वचितच असतो.

कोडेक म्हणजे आवाज आकुंचित करून फाइलमध्ये बांधायचं आणि परत उलगडायचं तंत्र; बांधणारा तो एन्कोडर, उलगडणारा तो डीकोडर. गोंधळ एकाच जागी होतो. ऑडिओ फाइल वाजवण्यामागे चार वेगवेगळे हक्क असतात: कोडेकच्या तंत्रावरचं पेटंट, ते तंत्र राबवणाऱ्या सॉफ्टवेअरचा कॉपीराइट, नाव आणि बोधचिन्ह यांचा ट्रेडमार्क, आणि आत जे वाजतं त्या गाण्याचा किंवा वाचनाचा कॉपीराइट. एका मालकाने हो म्हटलं की बाकीच्या तिघांनीही म्हटलं, असं लोक गृहीत धरतात. खालच्या पायऱ्या हे चार हक्क वेगळे ठेवण्यासाठी आहेत. क्रम बदलू नका. पेटंटपासून सुरुवात केली तर कशाचं पेटंट शोधायचं हेच माहीत नसतं.

## आधी तयारी: एक तक्ता

स्प्रेडशीट उघडा. उत्पादनात ऑडिओ जिथे जिथे आत येतो, बाहेर जातो किंवा रूप बदलतो, अशा प्रत्येक ठिकाणासाठी एक ओळ. ब्लूटूथ स्पीकरच्या किमान तीन ओळी होतात: पेनड्राइव्हवरून वाजवणं, ब्लूटूथवरून येणारा आवाज, आणि माइक असेल तर फोनवरचं बोलणं. अ‍ॅपच्याही तीन होतात: स्टुडिओतून आलेली मूळ फाइल, सर्व्हरवर तिचं रूपांतर, श्रोत्याच्या फोनवर ती वाजणं.

रकाने असे ठेवा: कोडेक आणि त्याचा उपप्रकार, एन्कोडर की डीकोडर, तो कोण पुरवतं, सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती आणि परवाना, पेटंटची स्थिती, विक्रीचे देश, वर्षाला अंदाजे किती नग, आणि पुरावा म्हणून कोणता कागद आहे. शेवटचा रकाना लोक टाळतात. तसं करू नका, नोटीस आली की तोच उघडावा लागतो.

## १. फाइलच्या आत काय आहे ते पाहा

फाइलच्या नावाच्या शेवटी जे लिहिलेलं असतं तो बहुतेक वेळा डबा असतो, कोडेक त्या डब्याच्या आत असतो. ‘एम४ए’ फाइलमध्ये एएसी असू शकतो किंवा अ‍ॅपलचा एएलएसी, आणि या दोघांची परवान्याची परिस्थिती अगदी उलट आहे. ‘ओजीजी’मध्ये व्होर्बिस, ओपस, फ्लॅक किंवा जुना स्पीक्स सापडतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा व्हॉइस मेसेज ओजीजीच्या डब्यातला ओपस असतो. ‘वेव्ह’ फाइलमध्ये साधा पीसीएम (आकुंचित न केलेला आवाज) असतो असं आपण समजतो, पण तिथेही दुसरा कोडेक असू शकतो.

म्हणून फाइल एफएफप्रोब किंवा मीडियाइन्फो या फाइल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि कोडेकच्या नावापुढचं ‘प्रोफाइल’ लिहून घ्या. एएसीच्या बाबतीत हे अत्यावश्यक आहे. साधा एएसी-एलसी, कमी बिटरेटवर चालणारा एचई-एएसी, त्याची दुसरी आवृत्ती आणि एक्सएचई-एएसी ही चार वेगवेगळ्या काळांत प्रमाणित झालेली तंत्रं आहेत आणि त्यांची पेटंटंही त्या त्या काळातली आहेत. एएसी १९९७ मध्ये एमपेग-२ च्या सातव्या भागात आला. एक्सएचई-एएसीच्या गाभ्यातलं प्रमाणक २०१२ चं आहे. तक्त्यात नुसतं ‘एएसी’ लिहिलं असेल तर ती ओळ अपुरी समजा.

तपासा: उत्पादन कोणत्या फाइल *स्वीकारतं* हेही नोंदवा. तुम्ही स्वतः फक्त एमपी३ भरत असाल, पण ग्राहकाच्या पेनड्राइव्हवरची एएसी फाइल तुमचा स्पीकर वाजवत असेल, तर तुमच्या मालात एएसीचा डीकोडर आहे.

## २. कोडेकचं काम नेमकं कोण करतं ते लिहा

बहुतेक अ‍ॅपवाल्यांचा प्रश्न याच पायरीवर सुटतो, आणि नेमकी हीच पायरी ते गाळतात.

एएसीच्या पेटंट परवान्याचा पूल (अनेक पेटंटधारकांची पेटंटं एकत्र करून एकच परवाना देण्याची व्यवस्था) ‘व्हिया एलए’ ही संस्था चालवते. आधी तिचं नाव व्हिया लायसन्सिंग होतं. २०२३ मध्ये ती आणि एमपेग एलए एकत्र आल्या. या पूलचा साधा नियम असा आहे: एन्कोडर किंवा डीकोडर असलेलं उत्पादन जो ग्राहकापर्यंत पोहोचवतो, त्याने रॉयल्टी भरायची. एएसीमध्ये बांधलेला आशय नुसता प्रसारित केला, डाउनलोडला ठेवला किंवा विकला, तर त्या आशयावर शुल्क नाही. म्हणजे मराठी पॉडकास्ट एएसीमध्ये प्रसिद्ध करणाऱ्याने या पूलला काही देणं लागत नाही. इतकी साधी गोष्ट माहीत नसल्यामुळे घाबरून जुन्या फाइल परत रूपांतरित करत बसलेले लोक आहेत, आणि त्यात आवाजाचा दर्जा विनाकारण घसरतो.

अ‍ॅपसाठी दोन शक्यता. अ‍ॅप अँड्रॉइडच्या किंवा आयफोनच्या प्रणालीत आधीपासून असलेला डीकोडर वापरत असेल, तर तो डीकोडर फोनबरोबर आलेला असतो. तुम्ही तो पुरवत नाही. अ‍ॅपच्या पॅकेजमध्ये स्वतःची लायब्ररी (तयार कोडचा संच) घातली असेल, तर तो तुम्ही पुरवला. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: ‘प्रणालीचा डीकोडर वापरलाय की आपला जोडलाय?’ उत्तर तोंडी घेऊ नका. तयार पॅकेज उघडून आत कोणत्या लायब्ररी आहेत ते पाहायला सांगा. तयार प्लेअर घटक आणला की त्याच्याबरोबर एफएफएमपेग (ऑडिओ-व्हिडिओ हाताळणारं मुक्त सॉफ्टवेअर) गुपचूप आत येतो, आणि ‘आम्ही कोडेक जोडलेलाच नाही’ असं सगळे मनापासून सांगत असतात.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्लेअरचंही असंच. क्रोममध्ये एएसीचा डीकोडर येतो, तर क्रोमियमच्या मुक्त बांधणीत मालकी हक्काचे कोडेक मुळात नसतात. टचस्क्रीनवाल्या किऑस्कमध्ये तुम्ही स्वतः क्रोमियम बांधत असाल आणि ते कोडेक चालू करत असाल, तर पुरवणारे तुम्ही.

सावधान: स्वतःच्या सर्व्हरवर फाइलचं रूपांतर करत असाल तर तो एन्कोडर तुमच्या ताब्यात आहे. त्याची वेगळी ओळ ठेवा. क्लाउड कंपनीची रूपांतर सेवा घेत असाल तर त्या सेवेच्या अटींमध्ये पेटंटविषयी काय म्हटलंय ते उतरवून ठेवा. कोडेकचं शुल्क ग्राहकाने पाहावं, असं काही ठिकाणी बारीक अक्षरांत असतं.

## ३. सॉफ्टवेअरचा परवाना वाचा, पण त्यातून पेटंट वाचू नका

‘ओपन सोर्स आहे, म्हणजे मोकळं आहे.’ हे वाक्य सर्वांत महाग पडतं.

जर्मनीतल्या फ्राउनहोफर संशोधन संस्थेची एफडीके-एएसी लायब्ररी २०१२ मध्ये अँड्रॉइड ४.१ बरोबर आली. तिचा मूळ कोड कुणीही पाहू शकतो, वापरू शकतो, बदलू शकतो. पण तिच्याच परवान्यात स्पष्ट लिहिलंय की या कोडबरोबर पेटंटची कोणतीही परवानगी दिली जात नाही. कोड हातात आहे, तंत्र वापरायची मुभा नाही. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आहेत आणि लोक फक्त पहिला परिच्छेद वाचतात.

एफएफएमपेगच्या बाबतीत तर बांधणी कशी केली यावर परवाना बदलतो. मूळ स्थितीत तो एलजीपीएल आहे, म्हणजे काही अटी पाळून बंदिस्त उत्पादनातही वापरता येणारा मुक्त परवाना. ‘एनेबल-जीपीएल’ हा पर्याय दिला की पूर्ण बांधणी जीपीएलखाली (सोबत जोडलेला तुमचा कोडही खुला करायला लावणाऱ्या परवान्याखाली) जाते. त्यात एफडीके-एएसी जोडायची तर ‘एनेबल-नॉनफ्री’ द्यावं लागतं, आणि अशी बांधणी दुसऱ्या कुणाला *वितरितच* करता येत नाही. स्वतःच्या संगणकावर चालवा, पण अ‍ॅपमध्ये घालून विकू नका. एखाद्या संकेतस्थळावरून उतरवलेली तयार बांधणी अशीच असू शकते. एफएफएमपेगला ‘बिल्डकॉन्फ’ हा पर्याय देऊन चालवलं की ती कोणत्या पर्यायांनी बांधली आहे ते समोर येतं. ती यादी तशीच्या तशी तक्त्याला जोडा. एएसीचा एन्कोडर हवाच असेल तर एफएफएमपेगचा स्वतःचा एन्कोडर २०१६ च्या ३.० आवृत्तीपासून ‘प्रायोगिक’ राहिलेला नाही. त्यामुळे कॉपीराइटचा हा पेच सुटतो, पेटंटचा सुटत नाही.

एलजीपीएल म्हणजे काही अटी नाहीत, असंही नाही. लेम हा एमपी३ एन्कोडर एलजीपीएलखाली येतो. तो वापरल्याचं सांगायचं, परवान्याची प्रत द्यायची, लायब्ररीचा मूळ कोड उपलब्ध करायचा आणि ग्राहकाला त्या लायब्ररीची बदललेली आवृत्ती घालता येईल अशी रचना ठेवायची. एमपी३ची पेटंटं संपली तरी या अटी कायम आहेत. फारशा अटी नसलेल्या बीएसडी परवान्याच्या लायब्ररी इथे सोप्या पडतात. फ्लॅकची मुख्य लायब्ररी बीएसडीखाली आहे, आदेश देऊन चालवायची तिची तयार साधनं मात्र जीपीएलखाली. लायब्ररी जोडा, साधन गुंडाळून देऊ नका.

परवाना स्वतः पेटंटची परवानगी देतो अशीही उदाहरणं आहेत. अ‍ॅपलने एएलएसी २०११ मध्ये अपाचे २.० परवान्याखाली खुला केला, आणि त्या परवान्यात कोड देणाऱ्यांच्या पेटंटची मुभा समाविष्ट असते. ती मुभा *देणाऱ्यांच्या* पेटंटपुरती, तिसऱ्या कुणाच्या नव्हे.

## ४. पेटंटची स्थिती कोडेकनुसार लिहा

एमपी३. अमेरिकेतलं शेवटचं महत्त्वाचं पेटंट एप्रिल २०१७ मध्ये संपलं आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला फ्राउनहोफर आणि टेक्निकलरचा परवाना कार्यक्रम बंद झाला. तक्त्यात ‘पेटंट नाही’ लिहा. पण एमपी३प्रो सारखी नंतरची विस्तारित रूपं म्हणजे एमपी३ नव्हे.

एएसी कुटुंब. इथे घाई नको. एएसी-एलसीच्या मूळ पेटंटांचं वय पाहता ती मोठ्या प्रमाणात संपली आहेत. फेडोरा लिनक्सने २०१७ मध्येच एफडीके-एएसीमधला वादाचा भाग काढून उरलेला भाग वाटायला सुरुवात केली. व्हिया एलएचा परवाना मात्र आजही पूर्ण कुटुंबासाठी दिला जातो. माझं मत असं: फक्त एएसी-एलसीचा डीकोडर असेल तर वकिलाचं लेखी मत घ्या, ते परवडतं. एचई-एएसी किंवा त्यापुढचं काही असेल तर परवाना लागतो असं धरूनच हिशेब करा. आकाशवाणीचं डीआरएम (डिजिटल रेडिओ माँडियाल) पद्धतीचं डिजिटल प्रसारण ऐकवणारा रेडिओ बनवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण डीआरएममध्ये एचई-एएसी आणि एक्सएचई-एएसी दोन्ही येतात.

ओपस. इंटरनेटची प्रमाणकं ठरवणाऱ्या आयईटीएफ संस्थेने सप्टेंबर २०१२ मध्ये तो आरएफसी ६७१६ (आरएफसी म्हणजे तिचा प्रमाणक दस्तऐवज) म्हणून प्रसिद्ध केला. स्काइपचा सिल्क आणि मुक्त कोडेक बनवणाऱ्या झिफ संस्थेचा सेल्ट या दोन कोडेकमधून तो घडला. झिफ, ब्रॉडकॉम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी आपापली पेटंटं रॉयल्टीशिवाय दिली आहेत. एक अट आहे: ओपसवरून तुम्ही कुणावर पेटंटचा दावा लावलात तर तुमची परवानगी जाते. २०२३ मध्ये व्हेक्टिस आयपी या कंपनीने ओपसशी संबंधित पेटंटांचा पूल उभारण्यासाठी पेटंटधारकांना आवाहन केलं, आणि तिचा रोख उपकरणांवर आहे. अ‍ॅपसाठी ओपस मी बिनधास्त सुचवतो. हजारो उपकरणं परदेशात विकणाऱ्याने ही घडामोड नोंदवून ठेवावी.

व्होर्बिस आणि फ्लॅक. दोन्ही पहिल्यापासून रॉयल्टीमुक्त. फ्लॅक डिसेंबर २०२४ मध्ये आरएफसी ९६३९ झाला.

डॉल्बी. एसी-३ची (म्हणजे डॉल्बी डिजिटलची) पेटंटं २०१७ मध्ये संपली. डॉल्बी डिजिटल प्लस आणि एसी-४ ही वेगळी तंत्रं आहेत.

ब्लूटूथ. ब्लूटूथवरून आवाज पाठवायचे एसबीसी आणि नवा एलसी३ हे कोडेक ब्लूटूथच्या प्रमाणित उत्पादनातच वापरा. एलसी३ त्याबाहेर वापरायचा तर वेगळी परवानगी लागते. सोनीच्या एलडीएसीचा एन्कोडर अँड्रॉइडच्या खुल्या कोडमध्ये आहे, म्हणून फोनच्या बाजूला तो सहज मिळतो. स्पीकरमधल्या डीकोडरसाठी सोनीचा परवाना लागतो. एपीटीएक्स क्वालकॉमचा.

बोलण्याचे कोडेक. सिमकार्ड घालून बोलता येणाऱ्या उपकरणांत एएमआर असतो, अनेक नव्या उपकरणांत ईव्हीएसही. पालकांनी मुलांसाठी घ्यायच्या, कॉल करता येणाऱ्या जीपीएस घड्याळातही. ही ओळ तक्त्यात हमखास राहून जाते.

सावधान: ‘प्रमाणक प्रसिद्ध झालेलं वर्ष अधिक वीस’ हे गणित चालत नाही. पेटंटची २० वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजतात, आणि काही अर्ज प्रमाणकानंतरचे असतात. अमेरिकेत ८ जून १९९५ च्या आधीच्या अर्जांना मंजुरीपासून १७ वर्षं किंवा अर्जापासून २० वर्षं, यांतली नंतरची तारीख लागू होती. एमपी३ची काही पेटंटं तिथे इतकी लांबली ती यामुळे.

## ५. देश ठरवा, आणि भारताबद्दलचा गैरसमज सोडा

पेटंट त्या त्या देशापुरतं असतं. ज्यावर भारतात पेटंट नाही अशा तंत्राचा माल तुम्ही जर्मनीला पाठवलात की तिथलं पेटंट लागतं. सप्टेंबर २००६ मध्ये बर्लिनच्या आयएफए प्रदर्शनात सॅनडिस्कचे एमपी३ प्लेअर जप्त झाले. एमपी३च्या पेटंटांचा परवाना देणाऱ्या सिस्वेल या दुसऱ्या कंपनीशी करार नव्हता, हे कारण. प्रदर्शनात नुसता नमुना मांडणंही पुरेसं ठरतं.

आपल्याकडे ‘भारतात सॉफ्टवेअरवर पेटंट मिळतच नाही’ हे ठामपणे सांगितलं जातं. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३(के) मध्ये गणिती पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्रॅम वगळले आहेत, हे बरोबर. पण ‘निव्वळ’ या शब्दावर सगळं अडतं. एरिक्सन विरुद्ध लावा या खटल्यात मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लावाला सुमारे २४४ कोटी रुपये नुकसानभरपाई द्यायला सांगितली. त्या खटल्यातल्या आठ पेटंटांपैकी पाच एएमआर म्हणजे बोलण्याचा आवाज आकुंचित करण्याच्या तंत्राबद्दलची होती. ‘हे तर अल्गोरिदम आहेत’ हा बचाव तिथे करून झालेला आहे. त्यावर व्यवसाय उभा करू नका.

कलम ४८ मध्ये पेटंटधारकाच्या हक्कांत आयातही येते. ‘आम्ही बनवत नाही, चीनहून आणून फक्त विकतो’ याने सुटका होत नाही.

तपासा: भारतातल्या नोंदी पेटंट कार्यालयाच्या इनपास शोधसेवेत पाहता येतात. पेटंट मंजूर झालं एवढ्यावर थांबू नका, वार्षिक शुल्क भरून ते चालू ठेवलंय का ते पाहा.

## ६. चिप पुरवणाऱ्याकडून लेखी घ्या

हार्डवेअरवाल्यांची सर्वाधिक फसगत इथे होते. पुरवठादार म्हणतो, ‘चिपमध्ये सगळं आलं.’ चिपमध्ये डीकोडर आला, परवाना आला असं नाही. एएसीची रॉयल्टी सहसा ग्राहकाच्या हातात जाणारं तयार उत्पादन विकणाऱ्याकडून घेतली जाते, चिपवाल्याकडून नव्हे.

फिलिप्सच्या डीव्हीडी पेटंटच्या खटल्यात जुलै २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला. भाग अधिकृत पुरवठादारांकडून घेतले, हा प्रतिवादींचा बचाव होता. तो पुराव्याने सिद्ध न झाल्यामुळे टिकला नाही. म्हणून पुरवठादाराला हे चार मुद्दे ईमेलवर विचारा:

चिपच्या फर्मवेअरमध्ये (उपकरणात भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) कोणते कोडेक *चालू* आहेत? त्यांतल्या कशाची रॉयल्टी तुम्ही भरली आहे, आणि करार कुणाशी? तो करार माझ्या ब्रँडच्या मालाला लागू होतो का? तिसऱ्याने पेटंटचा दावा केला तर खर्च कोण उचलणार?

चौथ्याचं उत्तर करारात हवं. आणि पुरवठादाराची कंपनी उद्या बंद झाली तर भरपाईचं कलम कागदावरच राहील, हे धरून चाला.

## ७. पैसे देण्याआधी: हा कोडेक लागतोच का?

इथवर आल्यावर तक्त्यातल्या काही ओळी लाल, म्हणजे परवान्याची अडचण असलेल्या, निघाल्या असतील. प्रत्येक लाल ओळीला आधी हा प्रश्न. आरत्या भरलेल्या स्पीकरला एमपी३ पुरतो. तिथे फर्मवेअरमधून एएसी बंद करायला सांगा, आणि डब्यावरच्या ‘सर्व फॉरमॅट चालतात’ या ओळीवर काट मारा. ऑडिओबुकच्या अ‍ॅपला २४ ते ३२ केबीपीएसचा मोनो ओपस उत्तम चालतो. आयफोनच्या जुन्या आवृत्त्यांवर तो चालतो का, ते आधी प्रत्यक्ष फोनवर वाजवून बघा.

सावधान: कोडेक मेन्यूतून लपवणं आणि फर्मवेअरमधून काढणं यांत फरक आहे. काढल्यानंतर ती फाइल खरोखर वाजत नाही ना, हे नमुना उपकरणावर तपासा आणि त्या चाचणीची तारीख लिहून ठेवा.

## ८. परवाना घ्यायचाच असेल तर

पूलचा आदर्श करार आणि दरपत्रक मागवा. एएसीच्या अनेक वर्षं जाहीर असलेल्या तक्त्यात पहिल्या ५ लाख नगांना प्रति नग ०.९८ डॉलर दर होता, पुढे तो उतरत जाई. आजचा आणि आपल्या प्रदेशाचा दर लेखी घ्या. दर नग विकल्यावर लागतो, म्हणून तो मालाच्या किमतीत पहिल्या दिवसापासून धरा. चारशे रुपयांच्या स्पीकरला हा आकडा नफा खाऊन टाकतो.

करार वाचताना तीन जागी थांबा. कोणते उपप्रकार आत येतात? करारापूर्वी विकलेल्या मालाचं काय? विक्रीचा अहवाल किती दिवसांनी द्यायचा आणि तुमची खातेवही तपासायचा हक्क कुणाला? परदेशी रॉयल्टीवर टीडीएस आणि उलट आकारणीचा जीएसटी येतो, तेव्हा सही करण्याआधी सीएला दाखवा. ‘कर वजा जाता’ की ‘कराशिवाय’ या दोन शब्दांवर मोठी रक्कम फिरते.

आणि एक परवाना म्हणजे सगळ्या पेटंटधारकांची संमती नव्हे. मायक्रोसॉफ्टने एमपी३साठी फ्राउनहोफरला १.६ कोटी डॉलर दिले होते. तरी फेब्रुवारी २००७ मध्ये सॅन डिएगोच्या ज्यूरीने एमपी३वर स्वतःच्या पेटंटचा दावा करणाऱ्या अल्काटेल-ल्यूसेंट कंपनीच्या बाजूने १५२ कोटी डॉलरचा निवाडा दिला. ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी तो रद्द केला, पण मधले महिने आणि वकिलांचा खर्च परत आला नाही. पूलबाहेर कोण आहे, हा प्रश्न वकिलाला नाव घेऊन विचारा.

## ९. नाव, बोधचिन्ह आणि आतला आशय

डब्यावर डॉल्बी, एपीटीएक्स, एलडीएसी किंवा ब्लूटूथचं चिन्ह छापायचं तर त्याची परवानगी वेगळी. तंत्राचं पेटंट संपलं तरी चिन्हाचा ट्रेडमार्क संपत नाही. छपाईला जाण्याआधी पेटीचं डिझाइन याच तक्त्यासमोर ठेवून पाहा.

अभंगाचे शब्द शतकांपूर्वीचे असतील. ते गाणाऱ्याचं ध्वनिमुद्रण नवीन आहे, त्याची चाल कदाचित गेल्या पिढीतली आहे. कोडेकचा परवाना कितीही स्वच्छ असला तरी त्याने हे हक्क मिळत नाहीत. ध्वनिमुद्रणाच्या मालकाचं आणि संगीतकाराचं लेखी पत्र वेगळ्या फाइलमध्ये लावा.

## १०. फाइल लावा आणि पुन्हा कधी उघडायची ते ठरवा

तक्ता, बिल्डकॉन्फची यादी, पुरवठादाराचे ईमेल, वकिलाचं मत, कोडेक बंद केल्याची चाचणी: सगळं उत्पादनाच्या आवृत्तीच्या नावाने एकत्र ठेवा. चिप बदलली, फर्मवेअरची नवी आवृत्ती आली, प्लेअरची लायब्ररी अद्ययावत केली, किंवा नव्या देशातून ऑर्डर आली, की पायरी १ पासून तपासणी पुन्हा करा. यातलं फर्मवेअर सर्वांत फसवं असतं, कारण कारखान्यातून येणाऱ्या पुढच्या खेपेत तुम्ही बंद करायला लावलेला डीकोडर न सांगता पुन्हा चालू झालेला असू शकतो. प्रत्येक खेपेतलं एक उपकरण काढून त्यात एएसीची चाचणी फाइल घाला.